संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाहीत

सोमवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या दारातल्या यंत्राने माझ्या बाबांना घरी जाऊ दिलं नाही, कारण ते ग्रंथालयाच्या मालकीचे होते.

यंत्र म्हणजे कमरेएवढे दोन पांढरे खांब. नोंद न करता कोणी पुस्तक नेऊ लागलं की शिट्टी वाजते आणि पुढचं काचेचं दार सरकून बंद होतं. बाबांनी खिसे उलटे केले. पिशवी टेबलावर रिकामी केली: डबा, छत्री, चष्म्याचं घर. रिकाम्या हातांनी ते पुन्हा खांबांमधून गेले आणि शिट्टी पुन्हा वाजली. मी पडद्यावर पाहिलं. दाखल क्रमांक ६१४०८. शीर्षक : उरकुडे शालिक. बांधणी : कापडी. प्रती : एक.

चूक माझी होती. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला या कॉलेजात सहा महिन्यांचं काम मिळालं होतं, प्रत्येक पुस्तकाला चिप असलेलं लेबल लावण्याचं. बाबा इथे एकतीस वर्षं ग्रंथालय परिचर. ते पुस्तकं काढून गाड्यावर रचायचे, लेबलं चिकटवायचे आणि मी वाचकयंत्र फिरवायची. हात मोकळे राहावेत म्हणून ते दहा-दहा लेबलं एकदम सोलून डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, ओळीने लावून ठेवायचे. शुक्रवारी एक लेबल कोपराखाली राहिलं. मी यंत्र फिरवलं तेव्हा बाबा गाड्यामागे उभे होते. नाव यंत्राने त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून घेतलं. त्या गाड्यावर सगळे कोश होते, त्यामुळे प्रकाराच्या चौकटीत आपोआप ‘संदर्भग्रंथ’ आलं. शेवटी पडद्याने विचारलं, आजच्या चारशे नोंदी बरोबर आहेत का. मी न वाचता ‘होय’ दाबलं. त्या नोंदी दारातल्या यंत्रात सोमवारी दुपारी चढल्या.

लेबल काढलं. चार केस उपटले, शिट्टी तशीच. मग मी प्रयोगशाळेतून ॲल्युमिनियमची फॉइल आणून बाबांना मानेपासून पायापर्यंत गुंडाळलं. चिपच्या लहरी धातूतून जात नाहीत, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. बाबा चकाकत दाराकडे चालत गेले. शिट्टी वाजली.

ग्रंथपाल गेडाम मॅडमना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. “कथा-कादंबरीत नोंदवलं असतंस ना प्रणाली, तर शालिकभाऊंना मी माझ्या कार्डावर रोज घरी पाठवलं असतं,” त्या म्हणाल्या. “संदर्भग्रंथ तर प्राचार्यांनासुद्धा नेता येत नाही.”

पडद्यावर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एक सहायक बसवला होता. मी त्याला विचारलं.

“संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाहीत,” तो म्हणाला. “वाचनकक्ष सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडा असतो.”

“ते माझे बाबा आहेत.”

“या शीर्षकाचा ग्रंथ उपलब्ध आहे. आपण तो पाहू इच्छिता का?”

मी घरी जाऊन आईचा हात धरून तिला सांगितलं. तिने आधी माझा हात झटकला, मग विचारलं की तिथे उशी आहे का. दुसऱ्या दिवसापासून ती दोन डबे देऊ लागली. दुपारी मी आणि बाबा कोशांच्या रांगेत बसून जेवायचो. आई एकदा आली, पण तिच्याकडे सभासदाचं कार्ड नव्हतं. ती काचेच्या दाराबाहेर उभी राहिली, बाबा आत. तिने खुणेने विचारलं, वांग्याची भाजी तिखट झाली होती का. बाबांनी बोटांची चिमूट करून दाखवली, थोडी.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांची जाडी मोजली. समोरून ते होते तसेच दिसत. बाजूने पाहिलं तर शब्दकोशाएवढे, साडेसहा सेंटिमीटर. चौथ्या आठवड्यात चार. मी आलेख काढला आणि रेषा पुढे कुठे जाते ते पाहिलं नाही. बाबांना त्रास होत नव्हता. नकाशांच्या मोठ्या पुस्तकाशेजारी त्यांना टेकायला बरं पडायचं.

खरं तर ते खुशीत होते. शेजारच्या खोलीत प्रथम वर्षाची मुलं डोळ्यांवर आभासी चित्रं दाखवणारे जाड चष्मे चढवून माणसाच्या हृदयात फिरत. चष्म्यात शिकवणाऱ्या बाईंना उत्तर आलं नाही की मुलं सहायकाकडे जात आणि सहायक त्यांना ६१४०८ कडे पाठवी. एक मुलगी वनविभागाचा जुना नकाशा शोधत आली. सहायकाच्या मते तो हरवला होता. बाबा म्हणाले, हरवला नाही, वनस्पतीशास्त्राच्या झाडे सरांनी तो घडी करून वनस्पतींच्या तिसऱ्या खंडात ठेवला आणि ते रिटायर झाले. नकाशा तिथेच होता. त्या आठवड्यात बाबांना सेहेचाळीस वाचक आले. त्याआधीची दोन वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आता ते सकाळी पाणी लावून केस विंचरत.

जूनच्या मध्यावर वाचनकक्षही चष्म्यांच्या वर्गाला द्यायचं ठरलं. संदर्भग्रंथ तळघरातल्या सरकत्या कपाटांत जाणार होते. ही कपाटं रुळांवर एकमेकांना चिकटून उभी असतात. कडेचं चाक फिरवलं की दोन कपाटं दूर होतात आणि मधे एकच माणूस मावेल अशी वाट उघडते. वाट सगळ्यांत मिळून एकच. दुसरी उघडायची तर पहिली मिटते. माझं कामही तीस जूनला संपणार होतं.

मी सहायकाला विचारलं की नोंद काढून कशी टाकायची. तो म्हणाला, ‘फाटले’ किंवा ‘हरवले’ यांपैकी एक निवडा. मी विचारलं, हरवले निवडलं तर दार उघडेल का.

“उघडेल. हरवलेला ग्रंथ सर्वत्र हरवलेला मानला जातो.”

“घरीसुद्धा?”

“सर्वत्र.”

एकोणतीस तारखेला मी बाबांना गाड्यावर ठेवून तळघरात नेलं. ते अगदी हलके झाले होते. सत्ताविसाव्या कपाटाजवळची वाट उघडून मी त्यांना आतल्या स्टुलावर बसवलं आणि ‘हरवले’बद्दल सांगितलं. म्हटलं, निदान तुम्ही बाहेर तर असाल, मी शोधीन तुम्हाला, आई शोधेल.

“नको,” बाबा म्हणाले. मग बराच वेळ ते समोरच्या पुस्तकांच्या कण्यांवरचे आकडे वाचत राहिले. “पोरी, एक सांगतो, रागावजो नको. त्या शुक्रवारी यंत्र माह्या हातावरून गेलं न वाजलं. मले ऐकू आलं. मी हात मागं नाही घेतला.”

मी काहून म्हणून विचारलं.

“तीस जूनले माही जागा बंद होते. मॅडमनं कागद दाखवला होता. माणूस काढाले एक सही लागते. नोंदीतलं धड पुस्तक काढाले समिती बसवा लागते.” ते जरा हसले. “म्हटलं, समिती काही लवकर बसत नाही आपल्याकडं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू चिपा लावून राहिली होती. तुह्याच कामानं माही जागा जाते, हे कसं सांगू तुले? तू नोकरीच सोडली असती.”

मला त्यांच्या हातावर हात ठेवायचा होता, पण मुडपेल अशी भीती वाटली.

तीस तारखेला शेवटचं पुस्तक नोंदलं गेलं. संध्याकाळी पाचला एक मुलगी चिठ्ठी घेऊन तळघरात आली. तिला क्षारांच्या विद्राव्यतेचे तक्ते हवे होते, अठ्ठाविसावं कपाट, मागची बाजू. सहाला दार बंद होणार होतं आणि उद्या तिची परीक्षा होती. मी तिला म्हटलं, जरा थांब. बाबांच्या वाटेच्या तोंडाशी गेले. ते स्टूल वाटेबाहेर सरकवून फळीला पाठ लावून उभे राहिले होते, मला दिसावेत म्हणून चेहरा तेवढा माझ्याकडे वळवून.

“बाबा, बाहेर या ना. इथे नुसते उभे राहा माझ्याजवळ.”

“कपाटातली वस्तू कपाटात बरी. बाहेर आलो तं उद्या मले शोधणार कोण?” ते म्हणाले. “फिरव तू. पोरगी उभी आहे.”

मुलगी घड्याळ पाहत नव्हती, पण चिठ्ठीची घडी घालत होती, उघडत होती.

मी चाक दोन्ही हातांनी धरलं. एका ठिकाणी ते अडेल, आणि मग मी थांबेन, असं मी ठरवलं होतं. मी ते शेवटपर्यंत फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.