वाऱ्याला न भिणारा स्टोव्ह

दाताच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही वस्तू सहज म्हणून विकत घेतली नव्हती. छत्री घ्यायची तर आधी छत्र्यांचा अभ्यास व्हायचा, आणि अभ्यास पुरा होईपर्यंत बाहेर लख्ख ऊन पडलेलं असायचं. म्हणून सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस तलावाकाठी तंबू ठोकून साजरा करायचं ठरलं आणि "त्या दिवशी स्वयंपाक आम्ही जावई करणार" असं डॉक्टर भरल्या ताटावर बोलून गेले, तेव्हा वाढता वाढता त्यांच्या बायकोचा हात थांबला. स्वयंपाकाचं काय व्हायचं ते होईल, पण त्याआधी स्टोव्ह घ्यावा लागणार होता.

झालंही तसंच. दवाखान्यात पेशंट खुर्चीत आडवा झाला आणि त्याच्या गालात कापसाचे बोळे गेले, की डॉक्टर विषय काढत.

"गॅसचा स्टोव्ह हलका, पण थंडीत मान टाकतो. स्पिरिटचा साधा, पण त्यावर पाणी उकळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. राहिला पेट्रोलचा. तुम्हाला काय वाटतं?"

पेशंट "आ" म्हणे. डॉक्टर तो होकार धरत. अशा रीतीने पेट्रोलचा स्टोव्ह प्रचंड बहुमताने निवडून आला.

पण पेट्रोलच्या स्टोव्हमध्येही पोटजाती होत्या. दुकानदार आधी आदराने बोलायचा, मग नुसता बोलायचा, आणि शेवटी डॉक्टर दारात दिसले की त्याला मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं. एकदा तर डॉक्टर घरचा टेबलफॅन काखोटीला मारून दुकानात गेले. पंख्याच्या तोंडासमोर एकेक स्टोव्ह पेटवून पाहिला. जो विझला नाही तो घेतला. बर्फाळ शिखरांवर मोहिमेला जाणारे लोक तोच वापरतात, असं खोक्यावर लिहिलं होतं.

"आपण तलावावर जाणार आहोत," बायको म्हणाली. "तिथे गाडी थेट तंबूपर्यंत जाते."

"वाऱ्याला गाडीशी काय देणंघेणं?" डॉक्टर म्हणाले.

बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे न सुटणारं गणित कुठे सोडून द्यायचं हे तिला कळत होतं. ती वह्या तपासायला बसली आणि आतून म्हणाली, "जरा दूध बघा." डॉक्टरांनी दूध बघितलं. ते वर येताना बघितलं, उतू जाताना बघितलं, आणि ओट्यावरून खाली ओघळलं तेव्हा पाय मागे घेतले. हातातल्या माहितीपत्रकात ज्वालेच्या ताकदीवर फार चांगला परिच्छेद होता.

धाकटा साडू फरशांचा व्यापारी. त्याला सगळे धडाका म्हणत. तो त्याच दुकानात गेला आणि दाराशी जो स्टोव्ह होता तो उचलून बाहेर पडला. गॅसची छोटी डबी बसवायचा, चपटा, पेटीसारखा स्टोव्ह.

"पेटतो ना? मग झालं तर," तो डॉक्टरांना फोनवर म्हणाला. "तुम्ही लग्नसुद्धा असा अभ्यास करून केलं असतं तर आमच्या मेव्हणीबाई अजून माहेरी असत्या."

त्या दिवसापासून डॉक्टर साडूचं नाव निघालं की फक्त "ते फरशीवाले" म्हणू लागले.

तलावावर पोचले तेव्हा वारा इतका होता की टेबलावरचं कापड दोनदा पाण्याकडे निघालं. डॉक्टर खूश झाले. वारा नसता तर त्यांचं फार नुकसान झालं असतं.

सासूबाईंना सगळ्यात चांगली खुर्ची दिली. सासरेबुवा तिच्या शेजारी टोपी घालून बसले. दोघी बहिणींनी गाडीतच ठरवलं होतं, काहीही झालं तरी उठायचं नाही. धाकटीने विणकाम काढलं, थोरलीने पाय लांब केले.

पहिला मान धडाक्याने घेतला. त्याचा स्टोव्ह पटकन पेटला, निळी ज्वाला पातेल्याखालून बाजूला सरकली, आडवी झाली आणि गेली. पुन्हा पेटवला, पुन्हा गेली. त्याने पोट आडवं धरलं, मग खोकं, मग गाडीचं दार उघडून ठेवलं. पाणी कोमट व्हायला लागलं एवढ्यात गॅसच संपला. रोज घरी येईल-जाईल त्याला या स्टोव्हवर चहा करून दाखवल्यामुळे डबी आधीच तळाला गेली होती, आणि दुसरी घ्यायची तर दुकानात पुन्हा जावं लागलं असतं.

"असू दे," डॉक्टर गोड आवाजात म्हणाले. "प्रत्येकाला अभ्यासाची आवड नसते."

त्यांनी स्टोव्ह मांडला, पंप मारला, काडी ओढली. भपकन जाळ उठला आणि डॉक्टरांची डावी भुवई अर्ध्यावर आली. मग ज्वाला सावरली आणि स्टोव्हने असा आवाज काढला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. वाऱ्याची काय बिशाद ती विझवायची. डॉक्टरांनी त्यावर भाताचं पातेलं चढवलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

थोड्याच वेळात वास आला.

"मंद करा की," धडाका ओरडला. न ओरडता कुणाला काही ऐकूच येत नव्हतं.

"हा मंद होत नाही. हा बर्फ वितळवायला बनवलाय."

"मग बर्फ आणायचा ना."

पातेलं उतरवलं. खाली कोळसा होता, वर कच्चे तांदूळ होते, मधे कुठेतरी घासभर भात असावा. भाजीचंही तेच झालं, फक्त अधिक लवकर. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायको तलावाकडे पाहत होती. धडाक्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती टाके मोजत होती.

शेवटी दोघांनी एकाच पातेल्यात बटाटे आणि अंडी टाकली आणि वरपर्यंत पाणी ओतलं, कारण उकळण्यापलीकडे त्या स्टोव्हला काही येत नव्हतं आणि त्या दोघांना तेवढंही. धडाका पातेलं धरून बसला, डॉक्टर पंप मारत बसले. उन्हं कलायला लागली तेव्हा जेवण वाढलं. सोलण्याचं काम ज्याने त्याने करायचं होतं. मीठ घरी राहिलं होतं.

सासरेबुवांनी एक बटाटा खाल्ला, दुसरा घेतला आणि उभे राहिले. त्यांना भाषणाची सवय होती, टपाल खात्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते.

"मला सांगायला आनंद होतो," ते म्हणाले, "की इतकं चविष्ट जेवण मी फार वर्षांत जेवलो नाही. माझे दोन्ही जावई एवढ्या वाऱ्यात, भुवईची पर्वा न करता राबले. असे जावई मिळायला भाग्य लागतं. टाळ्या वाजवा."

डॉक्टर आणि धडाका लाजले. त्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापही मारली.

सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातातलं अंडं ताटलीत ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी रांधतेय. जेवणावरचं तुमचं भाषण मी आज पहिल्यांदा ऐकलं."

"अगं, तुझं वेगळं आहे," सासरेबुवा म्हणाले.

"काय वेगळं?"

सासरेबुवांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली.

सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि स्टोव्हपाशी गेल्या. दुपारभर त्या नुसत्या बघत बसल्या होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं.

"हा कसा पेटवायचा, दाखवा बघू."

डॉक्टरांना आयुष्यात इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी अगदी पेट्रोलच्या गुणधर्मापासून सुरुवात केली. "तेवढं नको, बोट कुठे ठेवायचं ते सांगा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः पंप मारला, तोंड लांब ठेवून काडी लावली आणि फक्त स्वतःपुरता चहा केला. तो उभ्याउभ्या, पाण्याकडे बघत प्यायल्या. थोरलीला वाटलं, आईला असं उभं राहिलेलं आपण कधी पाहिलेलं नाही. आई उभी असायची ती ओट्याकडे तोंड करून.

निघताना सासूबाईंनी स्टोव्ह पुसला आणि आपल्या पिशवीत घातला. "हा राहू दे माझ्याकडे."

डॉक्टरांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला, पण सासूला नाही म्हणायचा अभ्यास त्यांनी केलेला नव्हता.

आठवडा उलटला असेल नसेल, सासूबाईंची एक जुनी मैत्रीण, निवृत्त परिचारिका, आपली गाडी घेऊन दारात आली. मागच्या सीटवर तंबू होता. सासरेबुवा वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले.

"कुठे निघालात?"

"डोंगरात," सासूबाई बुटाची नाडी बांधत म्हणाल्या.

"आणि माझं जेवण?"

"दोन जावई आहेत की. फार वर्षांत असं जेवला नव्हतात, असं तुम्हीच म्हणालात."

सासरेबुवांना आधी ती गंमत वाटली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा वाटेनाशी झाली. संध्याकाळी ते थोरलीच्या घरी गेले. तिने दार उघडलं, "या बाबा, ते आत आहेत" म्हणाली आणि परत वह्यांकडे वळली. आत ओट्याशी डॉक्टर कांदा हातात घेऊन उभे होते आणि धडाका फोनवर कुणाला तरी विचारत होता की डाळ धुवायची असते का. त्याचीही बायको दोन दिवस इथेच बहिणीकडे राहायला आली होती आणि पाठोपाठ तोही जेवणाच्या आशेने आला होता. तिघांनी मिळून जे शिजवलं ते तिघांनीच खाल्लं. दोघी बहिणी बाहेर जेवून आल्या.

चौथ्या दिवशी सासरेबुवांनी न राहवून फोन लावला. पलीकडे भरपूर वारा ऐकू येत होता.

"कधी येतेस?"

"बघू," सासूबाई म्हणाल्या. "पेट्रोल अजून बरंच आहे."