न ऐकलेला प्रश्न

‘माझ्या मुलीला तुम्ही काय शिकवलंत?’

पाळक दारातच उभे होते. खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती. प्रवासात सदरा चुरगळला होता, आवाज मात्र कडक इस्त्रीचा होता. चर्चच्या मंडळीतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायची जन्मभराची सवय असलेला तो आवाज वाचनखोलीच्या चारही भिंतींवर आपटला आणि टेबलाशी पुस्तकांवर क्रमांक चिकटवत बसलेल्या मामांना त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. हल्ली असं क्वचितच व्हायचं.

‘या ना, बसा,’ मामा गडबडून उठले. ‘इतक्या लांबून एकदम? आधी कळवलं असतंत तर...’

‘बसायला नाही आलो मी.’

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरचं हे दुमजली घर म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं अभ्यासकेंद्र. खाली वाचनखोली आणि स्वयंपाकघर, वर मामांचा संसार. मामा इथे पहिल्यांदा आले ते तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून. प्रबंध अर्धवट राहिला, आणि मामा इथेच राहिले. आता साठीला टेकले होते. दर वर्षी जुनी मुलं जात, नवी येत. मामा आणि पुस्तकांची कपाटं तेवढी जागची हलत नसत. गुरुवारी दुपारी चहा झाला की लांब टेबलाभोवती बैठक बसे. रसायनवाले, कायदेवाले, संख्याशास्त्रवाले. कुणी श्रद्धाळू, कुणी अर्धेमुर्धे, कुणी निव्वळ बिस्किटांचे भक्त. एखादा उतारा वाचायचा आणि मग त्यावर तुटून पडायचं. माणसाला खरंच निवड करता येते का, न्याय आणि क्षमा एका घरात नांदू शकतात का, असल्या प्रश्नांवरून मुलं हमरीतुमरीवर येत आणि जाताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जात.

आजही गुरुवारच होता.

पाळकांनी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. मुलगी सुट्टीला घरी आली होती. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीच्या वेळी ते भाकरीचं तबक घेऊन बाकाबाकापाशी जात होते. तिच्यापाशी आले, तेव्हा तिने तबक हातात घेतलं आणि स्वतः काहीच न घेता शेजारच्या बाईकडे सरकवलं. सगळ्या मंडळीदेखत. खुद्द पाळकांच्या पोरीने.

‘घरी आल्यावर विचारलं, बाळ, काय झालं? तर म्हणाली, मामांना विचारा.’ इथे त्यांचा आवाज खाली आला. ‘म्हणून विचारायला आलोय.’

हे शेवटचे शब्द मामांना ओठांवरून लावून घ्यावे लागले.

त्या मुलीला केंद्रात सगळे ‘शंका’ म्हणत. ‘एक शंका आहे’ हे तिचं पालुपद. मुलगी संख्याशास्त्राची, कुठलंही विधान तिच्या हातून पुराव्याशिवाय सुटत नसे. मामांचा तिच्यावर जीव होता, आणि नेमका तिचाच आवाज त्यांना सर्वांत कमी ऐकू यायचा. बारीक, घाईचा, वाक्य संपता संपता विरून जाणारा.

कानांचं हे दोनेक वर्षांपासून चाललं होतं. आधी डाव्या कानाने संप पुकारला, मग उजव्यानेही अधूनमधून त्याला पाठिंबा द्यायला सुरुवात केली. मामांची बायको परिचारिका. ‘अहो, कान तपासून घ्या,’ म्हणून ती कानीकपाळी ओरडत होती, आणि मामा म्हणत होते, ‘कान शाबूत आहेत गं, हल्ली तूच पुटपुटतेस.’ बैठकीत त्यांनी एक युक्ती अंगवळणी पाडून घेतली होती. मूल बोलत असलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. बोलणं थांबलं की जरा वेळ खिडकीबाहेर नजर लावायची, मान हलवायची आणि म्हणायचं, ‘यावर विचार करायला हवा.’ गंमत अशी, की त्याने मामांचा भाव वधारला. पूर्वी मुलं कुरकुरायची, मामा फार बोलतात. आता म्हणू लागली, मामा उत्तर देत नाहीत, उत्तराच्या दारात आणून सोडतात. हे कौतुक बायकोने त्यांना चढ्या आवाजात सांगितलं, तेव्हा मामांना शरम वाटली. आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

‘मी तिला असं काही... मला आठवत नाही,’ मामा म्हणाले.

‘पोरीची श्रद्धा गेली आणि तुम्हाला आठवत नाही?’

तेवढ्यात मामी चहाची किटली घेऊन आल्या. त्यांनी पाळकांच्या खांद्यावरची पिशवी न विचारता काढून घेतली आणि खुर्ची ओढली. ‘आधी चहा घ्या. भांडण काय, गरम चहाबरोबरही होतं.’ पाळक नाइलाजाने टेकले. एव्हाना मुलं जमू लागली होती. पाहुणा कोण, कशासाठी आला, हे त्यांच्यात कुजबुजत पसरलं, आणि कायद्याचा एक लांबोडा मुलगा उभा राहिला. त्याला सगळे वकील म्हणत. परीक्षा अजून पास व्हायची होती, पण आवाज कोर्टाचा होता.

‘मी त्या दिवशी हजर होतो,’ वकील म्हणाला. ‘दुःख आणि देव, हा विषय होता. शंकाने विचारलं, माझी आई आजारी होती तेव्हा आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. बाबांनी अन्न सोडलं. तरी आई गेली. ते सगळं कुणी ऐकलं तरी का, मामा? की आम्ही रिकाम्या खोलीत बोलत होतो?’

पाळकांनी कप खाली ठेवला. बशीचा आवाज झाला असावा. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

‘मग?’

‘मग मामा खिडकीबाहेर बघत राहिले. खूप वेळ. आणि त्यांनी मान हलवली.’

‘कशी?’

‘अशी.’ वकिलाने मान आडवी हलवली.

‘काहीतरीच काय!’ रसायनवाली उसळली. ‘उभी हलवली होती. मी समोर बसले होते.’

‘दोन्ही,’ भिंतीशी बसलेला एक चष्मेवाला म्हणाला. ‘आधी उभी, मग आडवी. म्हणजे तो ऐकतो, पण आपल्याला हवं तसं नाही. मी तर तसं लिहूनही ठेवलंय.’

‘अरे, शंकाने “नाही” असा अर्थ घेतला, हे तर उघड आहे ना!’

‘तिने घेतला म्हणून तो होतो का?’

वादाला तोंड फुटलं. मामांच्या मानेच्या एका हालचालीवरून तीन पक्ष पडले. एरवी हे पाहून मामा खुशीत आले असते. आता त्यांना नुसती तोंडं उघडमीट होताना दिसत होती. तो गुरुवार त्यांना आता लख्ख आठवला. शेजारच्या इमारतीत फरशी कापायचं यंत्र चालू होतं. पोरगी बोलत होती, डोळे भरलेले होते, एवढं त्यांना दिसलं होतं. शब्द एकही पोहोचला नव्हता. ते खिडकीबाहेर बघत होते ते यंत्र कधी थांबतंय म्हणून. मान कशी हलवली? देवालाच ठाऊक.

ते उठले आणि किटली भरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. मामी मागोमाग आल्या. उभ्या राहून बघत राहिल्या.

‘तुला कळलं?’ मामांनी विचारलं.

त्यांनी जवळ येऊन, उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, ‘मला त्या मुलांसारखं कोड्यात पडायचं कारणच काय? तुम्ही तिला ऐकलंच नाहीत.’

‘हे सांगितलं तर या खोलीत माझं राहतं काय? दोन वर्षं ही मुलं माझ्यापुढे काय काय बोलली असतील. कोण रडलं असेल, कुणी काय कबूल केलं असेल. मी सगळ्यांपुढे मान हलवली. कुणाला होकार दिला, कुणाला नकार, मला काही म्हणजे काही माहीत नाही गं.’

मामींनी पदराने किटलीचा कान पुसला आणि ती त्यांच्या हातात दिली.

मामा बाहेर आले, तर शंका आलेली होती. वर्गातून तशीच आली असावी, पाठीला दप्तर होतं. बापलेक टेबलाच्या दोन टोकांना, आणि मध्ये सगळी मुलं.

मामांना वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. ‘मी विचार करत होतो’ एवढं म्हटलं की झालं. ते खोटंही कुणाला वाटणार नाही. त्यांनी किटली ठेवली.

‘पोरी,’ ते म्हणाले, ‘त्या दिवशी तू मला काय विचारलंस, ते मला आज कळलं. वकिलाने सांगितलं तेव्हा. मला ऐकू आलं नव्हतं. बाहेर यंत्र चालू होतं आणि माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली. मी लपवत होतो.’

शंका आधी हसली. खरोखर हसली, मामा थट्टा करताहेत अशा समजुतीने. मग मामींच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं, आणि हसू तसंच अर्धवट राहिलं.

‘म्हणजे ती मान...’

‘तिला काही अर्थ नव्हता.’

‘मी रात्रंदिवस त्या मानेचा अर्थ लावत बसले होते, मामा!’ ती आता ओरडत होती, त्यामुळे मामांना सगळं ऐकू येत होतं. ‘मला वाटलं, इतकं वाचलेला माणूस, त्याच्याकडेसुद्धा उत्तर नाही, निदान तो खोटं तरी बोलत नाही! त्याच्यावर मी... आणि तुम्ही ऐकलंच नव्हतं?’

पाळक झटकन उठले. ‘बघ! बघ बाळ. पायाच नाही त्याला. सगळा गैरसमज. झालं गेलं गंगेला मिळालं. चल घरी. रविवारी पुन्हा...’

‘बाबा, मामांना ऐकू येत नाही. तुम्हाला तर येतं ना?’ ती वळली. ‘आई गेली त्या दिवशी मी हेच तुम्हाला विचारलं होतं. स्वयंपाकघरात. तुम्ही म्हणालात, माणसं येतायत, खुर्च्या मांड.’

पाळकांना ते आठवत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते हळूच परत खुर्चीवर बसले, आणि बसल्यावर एकदम लहान दिसू लागले.

शंका मामांकडे फिरली. डोळे पुसायचं भान तिला नव्हतं. ‘आता ऐकलंत ना? मग सांगा. आता सांगा.’

मामांच्या पाठीशी कपाटं होती. या एका प्रश्नावर तिथे दीड फळीभर पुस्तकं होती आणि ती सगळी त्यांनी वाचलेली होती. एकेकाचं म्हणणं त्यांना तोंडपाठ होतं. ते जिभेवर आणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण समोर जिची आई गेली ती मुलगी उभी होती आणि तिच्या पलीकडे ज्याची बायको गेली तो माणूस बसला होता.

‘मला माहीत नाही,’ मामा म्हणाले. ‘मी रोज सकाळी प्रार्थना करतो. पलीकडे कुणी आहे असं मला वाटतं. पण ऐकलं जातं म्हणजे नेमकं काय होतं, ते नाही कळलेलं. आणि हे काही तुला उत्तराच्या दारात आणून सोडणं नाही हं. माझं उत्तरच एवढं आहे.’

चष्मेवाल्याने वहीचं पान उलटलं, आणि मग वही मिटून ठेवली. शंका खाली बसली. तिला बरं वाटलं की आणखी वाईट, हे मामांना तिच्या चेहऱ्यावरून लावता येईना. बहुधा तिचं तिलाही कळत नसावं.

संध्याकाळच्या बसने परत जातो, असं पाळकांनीच सांगितलं. मुलीला त्यांनी चल म्हटलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहिला, आणि ते निघाले. मामा पोहोचवायला गेले.

थांब्यावर गर्दी होती. दुकानाच्या पायरीशी दोघे उभे राहिले. गाड्यांचा एकच गलका होता. पाळक समोर रस्त्याकडे बघत होते, आणि तसंच बघता बघता काहीतरी बोलू लागले. हा मंडळीतला आवाज नव्हता. स्वतःशी बोलावं तसे ते हळू, थांबत थांबत बोलत होते. ते उभे होते मामांच्या डाव्या बाजूला.

पूर्वीचे मामा असते, तर त्यांनी मान हलवली असती.

त्यांनी पाळकांच्या दंडाला हात लावला. ‘मला ऐकू आलं नाही हो. पुन्हा सांगता? या बाजूने या.’

पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. समोर बस येऊन थांबली, माणसं पुढे सरकली. ‘राहू द्या,’ असं ते म्हणाले. एवढं ओठांवरून कळलं. मग ते चढले. खिडकीशी बसल्यावरही त्यांचे ओठ हलताना काचेतून दिसत होते. प्रार्थना करत होते, की शेजारच्या माणसाला जागा विचारत होते, कोण जाणे. बस निघून गेली.

मामा परतले, तेव्हा वाचनखोलीत दिवे लागले होते. आज बैठक मोडेल, अशी त्यांची अटकळ होती. चारदोन मुलं निघून गेलीही होती. बाकीची टेबलाशी बसून होती. दारातच शंका उभी होती.

‘बाबा काही म्हणाले?’

बापाच्या तोंडी घालता येईल असं एक गोड वाक्य मामांच्या ओठांवर आयतं आलं होतं. पोरीला ते हवंही होतं.

‘म्हणाले,’ मामांनी सांगितलं. ‘महत्त्वाचं असावं. मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं, तर राहू द्या म्हणाले.’

ती आत गेली, खिडकीशी असलेली आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून मामांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, अगदी चिकटून आणून ठेवली. मामा येऊन बसले.

‘इथून येतं ऐकू?’ तिने विचारलं.

‘थोडं थोडं,’ मामा म्हणाले.