बाई, आधी पडा

सरोजिनीबाई पडल्या तो गुरुवार होता, आणि तिथेच घोळ झाला. शुक्रवारी पडल्या असत्या तर पहिल्या हाकेला अख्खी आळी गोळा झाली असती, कारण शुक्रवारी भिवंडीतले कापड विणणारे लूम बंद असतात. गुरुवारी मात्र भिंतीपलीकडे यादवच्या कारखान्यात लूम धडाडत होते. बाईंनी उभा जन्म शाळेत घालवला होता, मागच्या बाकावर झोपलेलं पोर दचकून उठेल असा त्यांचा आवाज. तोही त्या खटखटीपुढे फिका पडला.

तशा त्या सगळ्यांना सांगायच्या, "अहो, सवय झालीय. मला तो आवाज ऐकूच येत नाही." ते खरंही होतं. पण त्या आवाजापायी आपणही कुणाला ऐकू येत नाही, हे त्यांना स्वयंपाकघरात आडवं पडल्यावर कळलं.

लागलं फारसं नव्हतं. हाड मोडलं नव्हतं, रक्त आलं नव्हतं. फक्त उठता येईना. ओट्याची कड धरायला जावं तर हात पोचत नव्हता, गुडघ्यावर यावं तर गुडघा कळ मारत होता. मोबाइल बाहेर टेबलावर वाजून वाजून थकला. जेवण झाल्यावर पडलेल्या बाई चहाची वेळ टळली तरी तिथेच होत्या. आयुष्यात कधी नव्हे इतकी भीती त्यांना तेव्हा वाटली. आता इथेच, असं त्यांनी मनाशी धरलं.

मग लाइट गेली. लूम थांबले, आणि यादवने हाक ऐकली. "मास्टरनीजी गिर गईं!" करत त्याने दोन कारागीर आणले, कडी तोडून दार उघडलं. भिवंडीत लाइट गेल्याबद्दल देवाचे आभार मानणारी सरोजिनीबाई ही बहुधा पहिलीच बाई.

मुलगा अनय ठाण्याहून धावत आला. डॉक्टर म्हणाले, काही मोडलेलं नाही, स्नायू ढिले झालेत, व्यायाम करा. अनयने डॉक्टरांचं ऐकलं आणि भलताच अर्थ काढला.

"आई, बस झालं एकटं राहणं. आता माझ्याकडे."

"तुझ्याकडे येऊन करू काय? बाविसाव्या मजल्यावरून ढग मोजू? इथे वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मला बाई म्हणतात. तिथे मी कोण? अनयची आई."

"त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही रे. पण तेवढंच व्हायला मी अजून तयार नाही."

पुष्कळ वाद झाला. घर बाईंनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं, ते सोडायचं म्हणजे स्वतःचं नाव पुसून टाकण्यासारखं त्यांना वाटत होतं. शेवटी मायलेकांत ठरलं ते असं. बाईंनी चांगल्या ठिकाणी व्यायाम सुरू करायचा. पण पुन्हा एकदा पडल्या, तर एक शब्द न बोलता बॅग भरायची. बाईंनी शब्द दिला. त्या दिलेला शब्द मोडत नसत, हे अनयला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने तो घेतला.

चांगलं ठिकाण त्यानेच शोधलं. बायपासला गाड्यांच्या शोरूमवर नवी जिम झाली होती. खाली वॉचमन, वर जायला लिफ्ट, आत उन्हाळ्यातही शाल घ्यावी असा एसी. वर्षाची फी ऐकून बाईंना नाकापेक्षा मोती जड वाटला, पण अनय म्हणाला, पैशाचं तू बघू नकोस, आधी आठवडाभर ट्रायल घे. बाईंनी नवे पांढरे बूट घेतले आणि गेल्या.

खोटं कशाला सांगा, त्यांना ती जिम आवडली. प्रितेश नावाचा ट्रेनर होता, गोड बोलणारा, अदबीने वागणारा. त्याने त्यांना गादीच्या खुर्चीत बसवलं, पाय एका दांड्यामागे अडकवायला सांगितले आणि दांडा उचलायला लावला. मग दुसरी खुर्ची, मग तिसरी. आठवडा संपत आला तेव्हा बाईंना वाटलं, पाय थोडे हलके झालेत. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती, आणि मनात ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"प्रितेश, जमिनीवरचं कधी शिकवणार?"

"मॅम, साठीच्या वरच्यांना आपण फ्लोअरवर घेत नाही. पॉलिसी आहे. रिस्क नको."

"अरे, पण पडलेल्या माणसाने उठायचं कसं, तेच तर मला शिकायचंय."

"मॅम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. आम्ही तुम्हाला पडूच देणार नाही."

"इथे नाही पडू देणार. घरी?"

प्रितेश हसला. घरच्या पडण्याची काळजी करावी एवढा बिचाऱ्याचा पगारही नसावा. बाईंनी त्याला मनापासून आशीर्वाद दिला आणि लिफ्टने खाली आल्या. खाली येताना त्यांच्या लक्षात आलं की या सबंध आठवड्यात आपण एकदाही खाली बसलो नाही. सगळा व्यायाम खुर्चीवरून. पोहायला काठावर बसून शिकवावं, तसला प्रकार.

दुसरं ठिकाण घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. समाजमंदिराचा हॉल. सकाळी तिथे मुलांची शिकवणी, संध्याकाळी कबड्डी मंडळाची व्यायामशाळा, आणि त्यातला पहिला तास बायकांचा. महिना दोनशे रुपये. पंखे दोन, त्यातला एक चालणारा. भिंतीला बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात डंबेल्सचा ढीग, आणि जमिनीभर निळी मॅट. चालवणारी होती धम्मदिना. राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली, बी.पी.एड. झालेली, एका शाळेत खेळाची शिक्षिका. आणि हो, बाईंची जुनी विद्यार्थिनी. शुद्धलेखनात तिने बाईंचा जीव नको केला होता.

"बाई, तुम्ही?" म्हणत तिने वाकून नमस्कार केला. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. पडले, उठता आलं नाही, मुलाला शब्द दिलाय, आता उठायला शिकव.

धम्मदिनाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उठायला नंतर शिकवते. बाई, आधी पडा."

"काय?"

"कबड्डीत आम्ही पोरींना पहिला महिना दुसरं काही शिकवत नाही. ज्या पोरीला पडायची भीती, ती उठणार काय आणि खेळणार काय! बसा खाली. हनुवटी छातीला लावा. आता कुशीवर लवंडा."

बाई खाली बसल्या खऱ्या, पण पुढचं होईना. ओट्याखालची ती दुपार अंगावर आली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवावं कुठे हे कळेना.

शेजारी राहनाळ गावातली ठमाबाई होती. भाजी विकून झाली की रिकामी पाटी दाराशी ठेवून रोज या तासाला यायची. ती बाईंकडे बघून म्हणाली, "मना पन भ्याव वाटलेलं पयल्यांदी. पन भुई काय खात न्हाय बाई. लवंडा तुमी, मी हाय."

बाई लवंडल्या. धप्प आवाज झाला. काही झालं नाही. त्यांनी छताकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांना खळखळून हसू आलं.

घरी आल्यावर अनयला फोन केला. "ती बायपासवाली नको. मी समाजमंदिरात जाणार."

"आई, पैशाचा विचार करू नकोस म्हटलं ना मी!"

आता हे आपल्याकडे नेहमीचंच. मध्यमवर्गीय आईने स्वस्त वस्तू निवडली की ती काटकसरच असणार, असं पोरं धरूनच चालतात. बाईंनी खूप समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दोनशे रुपयांचा त्यांना आनंद झालाच नाही असं नाही, तेवढ्या काही त्या साधुसंत नव्हत्या. पण कारण ते नव्हतं.

"तिथे तुला काय शिकवतात?" अनयने विचारलं.

"पडायला."

मग अनय थंड आवाजात म्हणाला, "आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे. मॅटवरचं पडणं धरायचं नाही, एवढंच."

पावसाळा असा गेला. बाई रोज पडल्या. उजव्या कुशीवर, मागे, पुढे. मग उठायला शिकल्या. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग रांगत्या मुलासारखं चार पायांवर, एक पाऊल पुढे, हात आपल्याच मांडीवर, आणि वर. धरायला खुर्ची नाही, भिंत नाही, माणूस नाही. विद्यार्थिनी शिक्षिकेवर ओरडायची, "बाई, घाई नको! श्वास घ्या!" आणि बाई निमूट ऐकायच्या. आळीत ज्यांनी हे पाहिलं त्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बाई कुणाचं तरी ऐकतात!

गणपती होऊन गेल्यावर एका बुधवारी बाई दुपारी गॅलरी धूत होत्या. साबणाच्या पाण्यावरून पाय गेला. लूम नेहमीसारखे धडाडत होते.

हनुवटी आपोआप छातीला गेली. अंग वळलं. खांदा आणि मांडी फरशीवर आपटली, डोकं नाही. क्षणभर त्या तशाच पडून राहिल्या, आणि ती जुनी भीती दाराशी आलीच. त्यांनी तिला आत घेतलं नाही. श्वास घेतला, कुशीवर वळल्या, कोपर, चार पाय, पाऊल, मांडीवर हात. उभ्या राहिल्या तेव्हा साडी ओली होती, कोपराला खरचटलं होतं, आणि त्यांनी हाक मारलीच नव्हती. मारावी हे सुचलंसुद्धा नव्हतं.

मग आठवला दिलेला शब्द.

पाहिलं कुणी नव्हतं. साडी बदलली, खरचटलेल्यावर हळद लावली, की झालं. ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. बाई पलंगावर बसल्या आणि त्यांनी थोडा वेळ खरोखर तसा विचार केला. घर डोळ्यांसमोर आलं, आळी आली. पण लपवलं तर उद्यापासून अनयचा प्रत्येक फोन चोरासारखा घ्यायचा. शिवाय खरं सांगायचं तर प्रामाणिकपणाइतकीच त्यांना फुशारकीही आवरत नव्हती. एवढा पराक्रम केला आणि सांगायचा कुणाला नाही?

त्यांनी फोन लावला. "अनय, मी आज पडले. पण ऐक—"

"आलोच," म्हणून त्याने फोन ठेवला. मग उचलेचना.

आता काय करायचं? साडेपाच होत आले होते. बाईंनी कोरडी साडी नेसली, यादवला सांगून ठेवलं आणि नेहमीप्रमाणे हॉलवर गेल्या. अनय तासाभराने आळीत पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि तरीही त्याने दार ठोठावलं. कारखान्याच्या दारातून यादव ओरडला, "मास्टरनीजी जिम गई हैं!"

तो हॉलच्या दारात आला तेव्हा बाई एका नव्या बाईला हनुवटी कशी लावायची ते शिकवत होत्या. तो तसाच बुटांनिशी मॅटवर चढला.

"ओ दादा, पायतान भायेर," ठमाबाई म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

"आई, आपलं ठरलं होतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा घामेजलेला, शर्टाचं एक टोक बाहेर, लहानपणी शाळेत यायला उशीर झाला की दिसायचा तसा.

"ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "मी शब्द मोडत नाही. तू म्हणशील तर आज बॅग भरते. पण आधी बघ."

आणि त्या पडल्या. मुद्दाम, सगळ्यांदेखत, मुलाच्या पायाशी. अनय पुढे झेपावला, तसा धम्मदिनाने त्याचा दंड धरला. "हात लावायचा नाही, सर."

त्याला ते बघवत नव्हतं. बाईंना वेळ लागत होता. गुडघा कटकन वाजला. एकदा तोल गेला, त्या पुन्हा चार पायांवर आल्या, श्वास घेतला. ते उठणं देखणं वगैरे नव्हतं. पण कुणाचाही हात न लागता ती बाई जमिनीवरून वर आली आणि मुलासमोर ताठ उभी राहिली.

"त्या दिवशी यादवचा फोन आला तेव्हा," अनय म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "मला वाटलं तू गेलीस. अजून फोन वाजला की तेच वाटतं मला."

"मला माहितेय रे." बाईंनी त्याच्या कपाळाचा घाम पदराने टिपला. "मलाही तेच वाटलं होतं. पण मला पडण्याची भीती नव्हती कधी. पडून राहण्याची होती. ती गेली माझी. आज दुपारी गेली."

अनयने नाक पुसलं. आजूबाजूला पाहिलं, सगळ्या बायका त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"चल, घरी सोडतो तुला."

"कुठल्या घरी?"

ठमाबाईने कमरेवर हात ठेवले.

"तुझ्या," अनय म्हणाला.

"मग थांब जरा बाहेर," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून मॅटच्या मधोमध गेल्या. "माझी डावी बाजू अजून कच्ची आहे."