चार नंबरच्या सुस्त प्लेटलेट

तिन्ही बाटल्यांतले कण एकाच मापाचे होते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढे. फरक फक्त पृष्ठभागाचा. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण आणि तिसऱ्यावर मऊ, पाणी धरून ठेवणारं अस्तर. हे कण पुढे औषध घेऊन रक्तातून हिंडणार होते. वाटेत त्यांनी प्लेटलेटना डिवचून गुठळ्या करू नयेत, म्हणून संशोधक बाईंचा दोन वर्षं खटाटोप चालला होता.

धन भाराच्या कणांनी दर वेळी घात केला होता. प्लेटलेटचा द्राव दुधाळ असतो. त्या एकमेकींना चिकटल्या की तो निवळतो आणि यंत्रावरची रेघ वर चढते. म्हणून बाईंनी त्या कणांवरचा भार थोडा कमी करून पाहिला. आणि आज रक्त देणाऱ्यांच्या यादीतल्या चार नंबरच्या रक्तात रेघ जागची हलली नाही.

"जमलं, मास्तर," बाई म्हणाल्या. आनंदाने त्यांना खुर्ची पुरेना.

मास्तर म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. हुरळून जाणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. त्यांनी उरलेल्या द्रावात प्लेटलेटना हमखास चिकटवणारं रसायन टाकलं. रेघ तरीही आडवीच.

"कणांचं कौतुक नंतर करू," ते म्हणाले. "या प्लेटलेटच सुस्त आहेत. चार नंबरने दुखण्यावरची गोळी घेतलेली दिसते, तिनेच त्या मंदावतात."

"फॉर्मवर तर 'कुठलंही औषध नाही' असं लिहिलंय ना?"

मास्तरांनी यादी उघडली, वाचली आणि चष्मा पुसत बसले. "बाई, हे तुम्हीच घरी विचारलेलं बरं."

चार नंबर म्हणजे बाईंच्या सासूबाई. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता शेजारच्या बायकांना रोज सकाळी अंगणात उठाबशा काढायला लावणाऱ्या. आयुष्यात गोळीला हात लावला नाही, हे त्या पाहुण्यांना नाव सांगायच्या आधी सांगत.

संध्याकाळी शेंगा सोलता सोलता बाईंनी विषय काढला. "आई, गुडघा दुखतो का तुमचा?"

"कोण म्हणतं?"

"तुमच्या प्लेटलेट."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे पोटच्या मुलाला जे कळलं नाही, ते त्यांनी सांगितलं?" मग आवाज खाली आला. "तीन महिने झाले. रोज एक घेते, वर्गाच्या आधी. बायकांपुढे लंगडत कशी जाऊ गं?"

बाईंना हसूही आलं आणि वाईटही वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्या सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळी थांबवली, गुडघ्यासाठी हलके व्यायाम दिले आणि उठाबशांवर काट मारली.

दोन आठवड्यांनी सासूबाई आपण होऊन पुन्हा रक्त द्यायला आल्या आणि यंत्रासमोर ठाण मांडून बसल्या. या वेळी भार कमी केलेल्या धन कणांनी रेघ वर चढवली, पण पूर्ण भाराच्या कणांच्या निम्मीच. ऋण भाराच्या कणांनी जेमतेम हलवली. अस्तराच्या कणांशेजारी प्लेटलेट शहाण्यासारख्या स्वस्थ राहिल्या.

"म्हणजे तुझं जमलं का फसलं?" सासूबाईंनी विचारलं.

"निम्मं जमलं. पण खरं जमलं."

मास्तर चक्क हसले. त्यांनी वहीत आधीच्या निकालावर रेघ मारली आणि सासूबाईंना म्हणाले, "तुमच्यामुळे आमची लाज वाचली. नाहीतर खोटाच शोध छापून बसलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अंगणात बारा खुर्च्या मांडल्या. "माझा गुडघा गेलाय," त्यांनी सांगून टाकलं. "आजपासून बसून व्यायाम. ज्यांना उठाबशा हव्यात, त्यांनी घरी काढाव्यात."

मग पुढच्या रांगेतली शिंपीणबाई खुर्चीत बसली, दोन्ही पाय लांब केले आणि म्हणाली, "बाई, सहा महिने झाले, आम्ही सगळ्या गोळी खाऊनच येतोय."