डोकं इकडे, पाय तिकडे

"डोकं इकडे, पाय तिकडे, मधे माझं गाठोडं,
नीजबाई, हळू उचल, जड आहे थोडं."

अंधारातून हा आवाज यायचा. मी तेव्हा चार वर्षांची. झोपेत गरगर फिरायची. उशीवर पाय आणि पायथ्याशी डोकं अशी सापडायची. मग दोन हात मला उचलून सरळ करायचे, पांघरुणाची कड हनुवटीखाली खोचायचे, आणि तो आवाज हे दोन चरण म्हणायचा. 'हळू'पाशी किंचित थांबायचा, जणू नीज खरंच दारात उभी आहे. दिवा मालवलेला असायचा, त्यामुळे चेहरा कधी दिसला नाही. पण आईचा आवाज ओळखायला चेहरा कशाला लागतो?

त्याच वर्षी आई गेली. भिंतीवर तिचा फोटो राहिला, कपाटात कपडे राहिले. माझ्यापाशी राहिलं ते एवढंच.

मला वाढवलं मावशीनं. आईच्या आजारपणात मदतीला म्हणून आली ती राहिलीच. लग्न केलं नाही. शाळेच्या फाटकात कुणी "ही तुझी आई का गं?" विचारलं की माझ्या आधी तीच सांगून टाकायची, "मावशी हं मी तिची." बोलायला फटकळ, हसायला मोकळी. मात्र गाणं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. साधं गुणगुणणंसुद्धा नाही. मावशीला गाता येत नाही हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

कसल्याशा भांडणात, मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना, तिला म्हणाले होते, "तू माझी आई नाहीस. आईचा आवाज मला अजून ऐकू येतो." ती भांडी घासत होती. घासतच राहिली. एकच पातेलं, कितीतरी वेळ.

आणि आता त्याच बाईच्या गळ्यात गाठ निघाली होती. गाठ पसरली होती. जीव राखायचा तर स्वरयंत्र काढावं लागणार होतं. उद्या सकाळी. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "आज मनसोक्त बोलून घ्या."

"घ्या! जन्मभर तोंडाचा पट्टा चालू," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आणि आज विषय सुचेना. तूच बोल. तुझ्या त्या माश्या काय म्हणतायत?"

"माश्या नाहीत, चिलटं. डबक्यावरची."

"तेच ते. एवढी शिकलीस आणि चिलटं मोजतेस. बोल."

मी तिच्या खाटेवर पाय वर घेऊन बसले. तिनं ओठाला लागलेलं पाणी पुसलं आणि ऐकायला लागली.

"अंड्याला दोन टोकं असतात," मी म्हटलं. "डोकं कुठल्या टोकाला यायचं, हे आईच ठरवून देते. अंडं तिच्या पोटात असतानाच एका टोकाशी निरोप ठेवते, की डोकं इकडे. मग अंडी घालून उडून जाते. पिल्लू तिला कधीच बघत नाही. पण त्या निरोपावरून घडत जातं."

"आणि निरोप पुसला गेला तर?"

"तर दोन्हीकडे शेपूट. डोकंच नाही. असलं पिल्लू अंड्याबाहेरसुद्धा येत नाही."

"अगंबाई."

"फळांवर बसते ना, त्या माशीत हा निरोप देणारं जनुक फार पूर्वी सापडलं. मग आम्ही चिलटातही तेच शोधत बसलो. डोकं तिथेच येतंय, म्हणजे सांगणारंही तेच असणार, असं धरूनच चाललो. वर्षं गेली, मावशी. आणि शेवटी कळलं, चिलटात ते जनुक नाहीच."

"मग सांगतं कोण?"

"दुसरंच एक. वेगळ्या कुळातलं, वेगळं काम करणारं. कधीतरी, लाखो पिढ्यांपूर्वी, ते त्या टोकाशी येऊन बसलं आणि तोच निरोप द्यायला लागलं. उत्क्रांतीत होतं असं. निरोप तोच राहतो, देणारं बदलतं. पिल्लाला त्याचा पत्ताही नसतो. त्याला त्याचं डोकं मिळतं."

मावशी चादरीवरची सुरकुती बोटानं सरळ करत राहिली.

"त्या दुसऱ्याला नाव दिलंत का काही?"

"अजून नाही."

"द्या बाई," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तो पडदा ओढ. आणि माझ्याकडे पाठ करून बस."

"का?"

"एकदा तरी न विचारता ऐक की."

मी पडदा ओढला. जाड कापड होतं. दुपार बाहेरच राहिली. मी पाठ केली. मागून घोगरा, फाटका आवाज आला.

"डोकं इकडे, पाय तिकडे, मधे माझं गाठोडं,
नीजबाई, हळू..."

तो थांबला. किंचित, तिथेच.

"...उचल, जड आहे थोडं."

ते गाणं मी जगात कुणालाही म्हणून दाखवलं नव्हतं.

"ताईला त्या दिवसांत उठवत नव्हतं," मावशी माझ्या पाठीशी बोलत होती. "पलीकडच्या खोलीत पडून असायची. तुला जवळ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तू रडायचीस ते तिला ऐकू जायचं. मला म्हणाली, दिवा मालवून जा. आपला दोघींचा आवाज सारखा आहे. तिला मीच वाटेन."

"गाणं तरी तिचं?"

"नाही गं. तेही माझंच. तुला उचलता उचलता जुळलं. खरंच जड होतीस."

ती हसायला गेली आणि खोकली. खोकला थांबेपर्यंत मी वळले नाही.

"ताई गेल्यावर तू सगळ्यांना सांगत सुटलीस, आई रात्री गाणं म्हणायची. तुझ्यापाशी तिचं तेवढंच होतं. ते कसं काढून घेऊ? म्हणून मग गायचंच सोडलं. पण उद्यापासून हा आवाज नाही. तो कुणाचा होता, हे कुणा एकाला तरी ठाऊक असावं असं वाटलं. हावरटपणा म्हण हवं तर."

मी उठले. तोंडातून जे बाहेर आलं ते मला आजही चटका देतं.

"आज सांगून काय मिळवलंस?" मी म्हटलं. "मला आई दोनदा गमवायला लावलीस."

आणि निघाले. तिचा आवाज शिल्लक असताना तिला दिलेले माझे शेवटचे शब्द ते.

प्रयोगशाळेत गेले, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते कळेना. संध्याकाळची उन्हं टेबलावर आली होती. चिलटाची अंडी पाण्यात चिकट लडीत गुंफलेली असतात, आणि त्यांची दोन्ही टोकं सारखीच दिसतात. एका बशीत ती होती ज्यांच्यातला निरोप मी स्वतः, केसासारख्या काचेच्या सुईनं, पुसून टाकला होता. दोन्हीकडे शेपूट. एरवी अशी पिल्लं दिसली की प्रयोग साधला म्हणून आम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारतो. त्या संध्याकाळी ती बशी मी डोळ्यांसमोरून सरकवली.

शेजारच्या बशीत त्यांचीच भावंडं, न छेडलेली. नितळ कवचातून दिसत होतं: इवलं डोकं, दोन काळे ठिपके डोळ्यांचे, चघळत असल्यासारखा जबडा. वळवळत होती, बाहेर यायला धडपडत होती. निरोप कुणी दिला याची त्यांना फिकीर नव्हती. ज्यानं दिला, ते अंड्याच्या टोकाशी कामाला येऊन तिथेच विरून गेलं होतं, बिननावाचं.

डोकं तिथेच येतंय, म्हणजे सांगणारंही तेच असणार. तीच चूक मी जन्मभर घरात केली होती. आंघोळीला, शाळेला, तापात, परीक्षेत, माझं डोकं जागेवर ठेवणारी बाई रोज डोळ्यांसमोर होती, आणि मी भिंतीवरच्या फोटोला कान लावून बसले होते.

सकाळी ठरल्या वेळेआधीच पोचले. खाट रिकामी होती. उशी मधोमध चेपलेली.

"लवकर नेलं त्यांना," शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या. "पहिला नंबर लागला."

"काही म्हणाली?"

"मी म्हटलं, बाई, लेकीसाठी दोन शब्द ठेवून जा माझ्यापाशी. तर म्हणाल्या, माझं बोलून झालंय."

मी त्या चेपलेल्या उशीवर हात ठेवून बसून राहिले. ओठांवर एक शब्द होता, दोन अक्षरांचा. कालच्या दुपारी त्याला हाक म्हणून उत्तर मिळालं असतं. "काय गं?" एवढं तरी. घोगरं का होईना.

तिला परत आणलं तेव्हा गळ्यावर पट्ट्या होत्या, मधे नळी. नळीतून वाऱ्यासारखा श्वास येत-जात होता. डोळे उघडले, मला शोधून थांबले. घाबरलेले होते. माझ्या रागाची भीती होती त्यांत, दुखण्याची नव्हे.

"मावशी, मान हलवायची नाही हं," नर्स तिला म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "उशी घसरलीय. जरा सरळ करून देता का?"

मी एक हात तिच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली. केवढी हलकी झाली होती. उचलून सरळ केलं, पांघरुणाची कड हनुवटीपासून जरा खाली, पट्टीला लागणार नाही अशी खोचली.

"डोकं इकडे," मी म्हटलं. "पाय तिकडे. मधे माझं गाठोडं."

तिचे ओठ हलले. पुढचा चरण तिथे होता, 'हळू'पाशी ती थांबलीसुद्धा, मला दिसलं. आवाज आला नाही. नळीतून फक्त वारा गेला. तिनं डोळे मिटून घेतले, आणि कडेनं पाणी ओघळून कानात शिरलं.

"राहू दे," मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं. "मी म्हणते. मला पाठ आहे तुझं, आई."