सातव्या बाईचा आवाज

ऊन असलं की खारवलेला कॉड मासा मांसाची बाजू वर करून पसरायचा. ढग आले की पालथा, कातडी वर.

किटलीचं झाकण थडथडतं.

सहभागी क्रमांक सात. स्त्री. न्यूफाउंडलंड, दक्षिण किनारा.

"टौटन खा आधी, पावाचं पीठ आत्ताच तळलंय. काकवी घे अजून. गार झालं की चामडं होतं त्याचं."

हे सगळं एकाच ध्वनिमुद्रणातलं. क्रमांक सात म्हणजे नोरीनची आई, ब्राइड. प्रबंधात खरी नावं द्यायची नाहीत, म्हणून आकडा.

आई शरद ऋतूत गेली. मासे वाळवणाऱ्या बायकांवरचा प्रबंध तेव्हाच लिहून झाला होता. तरी नोरीन तळटीपा वाढवत राहिली. प्रबंध दिला की मुलाखत पुसायची, असं ठरलं होतं. ही अट विद्यापीठाची नव्हती, आईची होती.

"मी मेल्यावर माझा आवाज ऐकत बसायचं नाही," टेपवर आई म्हणते. "माणूस गेलं की गेलं."

मग किटली. मग आईचं गुणगुणणं. नोरीन रोज तिथपर्यंत ऐकायची.

प्रबंधासोबत ती त्याच माहितीवर कादंबरी लिहीत होती. मार्गदर्शक गर्टी पार्डीने दोन्ही वाचलं. गर्टी पलीकडच्याच खाडीची.

"काय गं बये, कादंबरीतली आई म्हणते, 'राहू दे माझा आवाज तुझ्यापाशी.' हे ब्राइड कधी म्हणाली?"

"कादंबरी आहे ती, गर्टी."

"मग टेप का पुसली नाहीस अजून?"

नोरीन टेबलावरचे कागद सरळ करायला लागली.

"कादंबरीतल्या आईला काय हवं ते बोलायला लाव, बाळा. पण टेप ठेवायची परवानगी तिच्याकडून घ्यायची नाही. ती टेपवालीने द्यायची होती, तिने नाही दिली."

"म्हणजे काहीच ठेवायचं नाही?"

"तुझ्या कानात आहे ते कोण पुसणार? आणि नाक पूस आधी, माझ्या कागदांवर गळतंय."

नोरीनने प्रबंध दिला. घरी येऊन शेवटचं ऐकलं, गुणगुणणं संपेपर्यंत, आणि पुसलं. मग कादंबरीतलं ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: आई गुणगुणत होती. चाल

चाल लिहिता येईना. वाक्य तसंच अर्धं ठेवलं.

मुलाखतीच्या दिवशी ब्राइडने नवा निळा स्वेटर घातला होता, केस विंचरले होते. फोटो नाही, फक्त आवाज घेणार आहे, हे नोरीनने तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.