गुलाबाचं विरजण

झाकण उघडलं आणि गुलाबाचा भपका आला. आमच्या बिअरच्या कारखान्यातले तीसएक कामगार टाकीभोवती दाटीवाटीनं उभे होते. टाकीत सातू, पाणी आणि यीस्ट; गुलाबाची एक पाकळीही नाही! सुगंधी महाराज हात वर करून म्हणाले, "गुलाब बागेत नसतो बाळांनो, भावात असतो!" मालक, म्हणजे माझे सासरे अप्पा, यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

हे सगळं मी वरच्या खोलीच्या काचेतून पाहत होते. खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली अप्पांच्या खिशात.

महाराज दर खेपेला एक बाटली आणून मंत्र म्हणत पहिल्या टाकीत ओतायचे. पुढं आमची नेहमीची रीत: एका टाकीच्या तळाचं यीस्ट काढून पुढच्या टाकीत घालायचं, दह्याला विरजण लावतात तसं. दुसऱ्या टाकीला वास यायचा, तिसऱ्या टाकीला जेमतेम, पाचव्या टाकीत नुसती बिअर. मग पुन्हा महाराज, पुन्हा बाटली. असं का होतं, म्हणून एकदा अप्पांनी विचारलं. महाराजांनी हवेत नाक फिरवलं. "घरात दोष आहे." आणि तो दोष कुठं सापडावा? टाक्यांजवळ वावरणाऱ्या, नको ते प्रश्न विचारणाऱ्या सुनेत.

"चार दिवस सोस गं, वाद नको," नवरा दाराबाहेरून म्हणाला. चार दिवसांचे बावीस दिवस झाले. ताट खालच्या झडपेतून सरकायचं, बस. मी दार बडवलं, रडले, मग भिंतीकडं बघत बसून राहिले. मी कोंडलेली असतानाही वास गेलाच, तेव्हा महाराज म्हणाले, "दोष भिंतीतून झिरपतो." आता यावर काय बोलणार, कप्पाळ! ठरलं असं, की या खेपेलाही वास गेला तर सून कायमची घराबाहेर. तो जाणारच, हे मला माहीत होतं.

देवाचं नाव मी घेत नाही, पण आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. मला कोंडलं होतं तपासणीच्या खोलीत. आधी मी तिथं यीस्ट तपासायचे; महाराज आल्यापासून ती कुणालाच नको होती. माझं सूक्ष्मदर्शक, काचेच्या बशा, सगळं तिथंच धूळ खात पडलेलं.

ताट आणायला धाकटी नणंद यायची. ती टाक्यांवरच कामाला होती. मागच्या आठवड्यात मी झडपेतून म्हटलं, "वन्सं, नव्या बाटलीतलं चमचाभर आणाल? मंत्राच्या आधी. आणि पाचव्या टाकीचंही."

"वहिनी, मला कळलं नाही, पण आणते."

दोन्ही नमुने बशांवर पसरले. दोन दिवसांत ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीची प्रजा. ते वेगवेगळे वाढवून हुंगले. बाटलीतल्या दहांपैकी नऊ ठिपक्यांना गुलाब, पाचव्या टाकीतल्या विसांपैकी एकालाच. त्या एकाला मी बरणीत वाढवलं.

आता खाली महाराजांचा भाव रंगात आला होता आणि वन्सं मी झडपेतून दिलेली बरणी घेऊन गर्दीत शिरल्या. झाकण काढलं. तिच्यातूनही तोच गुलाब; माणसं वळली.

"हे कुठून आणलंस?" अप्पांनी विचारलं.

"पाचव्या टाकीतून. वास गेलेल्या. वहिनीनं वाढवलंय, कोंडलेल्या खोलीत, मंत्राशिवाय."

"चेटूक!" महाराज ओरडले. अप्पा जिना चढून आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं.

खाली जाऊन मी सांगितलं, "या यीस्टमध्ये गुलाबाच्या वासाचं जनुक कुणीतरी प्रयोगशाळेत घातलंय. पण ते सुट्या वेटोळ्यावर आहे, गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर. एका पेशीच्या दोन होताना ते कधीकधी दोघींतल्या एकीला मिळतच नाही. बिनओझ्याची ती भराभर वाढते आणि दोन-चार टाक्यांत तिचंच राज्य होतं. बाटलीत ते टिकावं म्हणून एक औषध घालतात, त्यात वेटोळं असलेल्या पेशीच जगतात. आपल्या टाकीत ते औषध नसतं."

वन्संनी महाराजांची झोळी उलटी केली. अंगाऱ्याच्या पुड्यांबरोबर त्याच औषधाची, वर नाव छापलेली डबी पडली.

"तेच जनुक यीस्टच्या गुणसूत्रात शिवलं, तर प्रत्येक पेशीला मिळतं आणि वास जात नाही," मी म्हटलं. "पण मग महाराजांना पुन्हा बोलावणार कोण?"

महाराज पाठीमागच्या दारानं कधी सटकले, कुणाला कळलं नाही. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात एक कामगार माझ्या पाया पडला, मग दुसरा. अप्पांनी हात जोडले. "पोरी, खरी शक्ती तुझ्यातच होती. आता पहिली टाकी तुझ्याच हातानं." मी दोन पावलं मागं सरले. आज देवी, उद्या वास गेला की पुन्हा तीच खोली!

"नमस्कार नको, अप्पा," मी म्हटलं. "ही यीस्टमध्ये बुडवलेली तार धरा. बशीवर तुम्हीच ओढा. परवा तुमच्याच नाकानं हुंगा."

त्यांनी ओढली. दोन दिवसांनी हुंगलं. मग आपण होऊन विद्यापीठात पत्र पाठवून गुणसूत्रात जनुक शिवलेलं, वापरायला परवानगी असलेलं यीस्ट मागवलं. बारा टाक्या झाल्या, वास आहे. टाक्यांजवळ मी असते, वन्संही असतात.

नवरा अजून माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. तो वाईट नाही. त्यानं फक्त विचारलं नाही. तुमच्या घरात कुणा माणसावर असा ठपका येईल, तेव्हा वाद नको म्हणून गप्प बसू नका. कुलूप लावण्याआधी एवढंच विचारा: कशावरून?